बर्फीच्या डोळ्यांखालचे तांबूस ओघळ: पावडर द्यावी की डॉक्टर बदलावा?

लिंबूटिंबू_डोंबिवली
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, पहिलाच धागा आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे बर्फी नावाची शित्झू कुत्री आहे. वय चौदा महिने, रंग नावाप्रमाणे. म्हणजे असायला हवा. गेले पाच-सहा महिने दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यापासून नाकाच्या कडेने खाली तांबूस ओघळ उठलेत, डावीकडे जास्त. जिन्याच्या कोपऱ्यात कोणी पान खाऊन पिंक मारावी, तो रंग. तिथले केस कायम ओले, सकाळी चिकटून बसलेले आणि जवळ घेतलं की कुबट वास. एरवी मजेत आहे. खाते, उड्या मारते, झाडूशी भांडते.

डॉक्टरांनी टॉर्चसुद्धा न मारता थेंब लिहून दिले. दहा दिवस घातले, बंद केल्यावर पुन्हा तेच. ग्रूमर म्हणतो ऑनलाइन पावडर मिळते, जेवणात मिसळा, महिन्यात चेहरा पांढराशुभ्र. सासूबाई म्हणतात आईपासून तोडलंय बिचारीला, रडत असणार. सोसायटीत जी भेटते ती "अगंबाई, रडते का ही?" असं विचारून माझ्याकडे बघते. जणू मी सासुरवास करतेय.

तर पावडर द्यावी का? कोणाचे डाग खरोखर गेलेत का, आणि कशाने?

बोकोबा
मांजर पाळा. डोळ्यांत पाणी येतं, पण आपल्या.

नीलपरी७
@बोकोबा, माझ्याकडे पर्शियन आहे. चपटं नाक, दोन्ही डोळे चोवीस तास गळतात. तेव्हा बसा गप.

पेठेतला_पॉम
आमच्या पामेरियनला हाच त्रास होता. मुलीने दोन गोष्टी बदलल्या. नळाचं पाणी बंद करून आरओचं सुरू केलं आणि प्लॅस्टिकचं भांडं काढून स्टीलचं आणलं. तीन महिन्यांत डाग फिके झाले. पाण्यातल्या लोहामुळे रंग येतो म्हणतात. करून बघा, तोटा काहीच नाही.

मिरजवाला
काका, तीन महिन्यांपूर्वी पॉम किती महिन्यांचा होता?

पेठेतला_पॉम
पाच. का?

मिरजवाला
दात बदलत असणार. त्या वयात पुष्कळ पिल्लांचे डोळे गळतात आणि पक्के दात आले की आपोआप थांबतात. आमची दोन्ही पॉम जन्मभर बोअरचं पाणी प्यायली. ते पाणी इतकं जड की बादलीला पांढरी पुटं चढतात. तोंडावर डाग नावाला नाही. आरओवाल्याचं भलं झालं, एवढंच.

गोठ्यातून_गादीवर
मी पशुवैद्य. वीस वर्षं गाई-म्हशी, आता सात-आठ वर्षं पुण्यात कुत्री-मांजरं. इथे लिहून निदान होत नसतं, पण भानगड काय असते ते सांगतो.

आधी रंगाचं. तांबड्या पेशींची मोडतोड होते तेव्हा पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्यं तयार होतात. कुत्र्यांमध्ये त्यातली काही अश्रूंतून आणि लाळेतून बाहेर पडतात. ती पांढऱ्या केसांवर सतत पडत राहिली आणि वर उजेड लागला, की तांबूस होतात. म्हणूनच जी कुत्री पंजे चाटत बसतात त्यांचे पंजेही त्याच रंगाचे दिसतात. काळ्या कुत्र्याचेही डोळे तितकेच गळतात, फक्त कोणी "रडतो का?" विचारत नाही. वास येतो तो ओल्या केसांत बुरशी आणि जंतू वाढल्याने. थोडक्यात, डाग हा आजार नाही. तिथे पाणी का साचतंय, हा प्रश्न आहे.

आता मोरी डोळ्यांसमोर आणा. वर नळ, खाली जाळी. अश्रू तयार होतात, डोळ्यावरून फिरतात आणि आतल्या कोपऱ्यात वरच्या-खालच्या पापणीला एकेक बारीक भोक असतं, त्यातून नळीवाटे नाकात उतरतात. मोरी दोन कारणांनी तुंबते. नळ जोरात सुटला म्हणजे डोळ्याला काहीतरी खुपतंय: उलटा उगवलेला पापणीचा केस, आत वळलेली पापणी, कचरा, धूर, ॲलर्जी, बुबुळावर जखम. नाहीतर जाळी बंद: नळीत चिकट बोळा, किंवा जन्मतःच भोक उघडलेलं नाही.

चपट्या नाकाच्या कुत्र्यांत तिसरं कारण मोरीच्या बांधकामातलं. डोळ्याची खोबण उथळ, डोळा पुढे आलेला, त्यामुळे पाणी साठायला जागाच नाही. शिवाय आतल्या कोपऱ्यातले केस डोळ्याला टेकतात आणि समईतल्या वातीसारखे पाणी ओढून गालावर आणतात.

ताई, एवढं सांगा. डावा-उजवा एकदमच सुरू झाले का? पाणी स्वच्छ आहे की चिकट, पिवळं? डोळा मिचकावते का, पंजाने चोळते का? आणि दिवसभर झोपते कुठे?

बोकोबा
मोरीचं उदाहरण ऐकून उठून बाथरूमची जाळी साफ करून आलो. धन्यवाद डॉक्टर.

लिंबूटिंबू_डोंबिवली
डॉक्टर, इतकं सविस्तर! आधी डावा, मग महिन्याभराने उजवा. पाणी स्वच्छ असतं, सकाळी फक्त तपकिरी चिपडं. मिचकावत नाही. कधीतरी सोफ्याच्या कडेला तोंड घासते.

झोपते देवघराखाली. फरशी गार असते ना. सकाळ-संध्याकाळ उदबत्ती, शुक्रवारी धूप. आता लिहिताना ट्यूब पेटली. शिवाय स्वयंपाकघर उघडं आहे, मिरचीची फोडणी पडली की आम्ही सगळेच खोकतो, तिचं नाक तर फोडणीपासून हातभर अंतरावर.

गोठ्यातून_गादीवर
जागा बदला, आजच. पण डावा आधी आणि डावा जास्त, हे एकट्या धुराने होत नाही. धूर दोन्ही डोळ्यांना सारखाच लागतो. रंगाची चाचणी (डोळ्यात रंग घालून जखम आणि नळी बघतात ती) करणारा डॉक्टर गाठा.

सह्यभटका
एकाच डोळ्यावरून आठवलं. आमचा चिंट्या, स्पिट्झ. दसऱ्यानंतर राजगडाच्या पायथ्याशी घेऊन गेलो होतो. त्या दिवसांत गवत वाळून कुसळं सुटतात, ज्यांनी मोजे विंचरलेत त्यांना माहीत आहे. परत येताना गाडीत त्याचा उजवा डोळा बंद. म्हटलं धूळ गेली असेल. रात्री पाण्याची धार. सकाळी डॉक्टरांनी सुन्न करणारा थेंब घातला, चिमट्याने तिसरी पापणी उचलली (कुत्र्याला आतल्या कोपऱ्यात तिसरी पापणी असते, हे मला तेव्हा कळलं) आणि तिच्यामागून अख्खं कुसळ ओढून काढलं. मागची शेपटी शाबूत. बोटाच्या पेरापेक्षा लांब. चिंट्या उठला, अंग झटकलं आणि डॉक्टरांच्याच बुटावर तंगडी वर केली.

बुबुळावर ओरखडा उमटला होता, तो भरायला आठवडा गेला. रात्रभर थांबलो ही चूक. अचानक, एकच डोळा, आणि मिटलेला, तर सकाळची वाट बघू नका.

एडिसनकर_मावशी
पावडरविषयी मी सांगते, कारण मी दिली आहे. आमचा माल्टीज, इथे न्यू जर्सीत. सहा आठवड्यांत चेहरा खरंच पांढरा झाला आणि मी सगळ्या गावाला सांगत सुटले. मग डब्यामागचं बारीक अक्षर वाचलं. टायलोसिन. ते चक्क प्रतिजैविक आहे. म्हणजे मी कुत्र्याला जेवणातून रोज थोडं थोडं प्रतिजैविक चारत होते, तेही गाल गोरे दिसावेत म्हणून. २०१४ साली इथल्या एफडीएने असल्या पावडरींच्या उत्पादकांना इशाऱ्याची पत्रंही पाठवली होती, कारण डागांसाठी त्या औषधाला मान्यताच नव्हती.

बंद केल्यावर दोन महिन्यांत डाग परत. तुमच्याकडे जी मिळते तिच्यात काय आहे ते वाचा. लिहिलेलंच नसेल तर मग नकोच.

मिरजवाला
गोरं व्हायचा सोस कुत्र्यांपर्यंत पोचला तर.

चूर्णकाढा
इतके लोक बोलले, पण साधं त्रिफळ्याचं पाणी कोणी सुचवलं नाही याचं नवल वाटतं. रात्री भिजत घालायचं, सकाळी गाळून डोळे धुवायचे. आमच्या आजीने गुलाबपाण्याने वासरांचे डोळे बरे केले आहेत. पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान आहे. थोडा खोबरेल तेलाचा हात लावला तर डागही धरत नाहीत.

नीलपरी७
गाळल्यावरही त्रिफळ्याचे बारीक कण राहतात हो. स्वतःच्या डोळ्यात घालून बघा एकदा.

चूर्णकाढा
रोज घालतो. चष्मा नाही.

बोकोबा
म्हणूनच डॉक्टरांचं "डोळ्याला काहीतरी खुपतंय" हे वाक्य दिसलं नसावं.

गोठ्यातून_गादीवर
चूर्णकाढा, खोबरेल डागांवर लावल्याने काही बिघडत नाही, पण ते सरकून डोळ्यात जातं आणि वर धूळ धरतं. डोळ्यात घालायचं फक्त निर्जंतुक सलाइन. त्रिफळा, मध, तुरटी, बोरिक पावडर काही नको, बोरिक तर चाटून पोटातही जातं. केस उजळवायला हायड्रोजन पेरॉक्साइड वापरणारे भेटलेत मला. एक थेंब आत गेला तर बुबुळ भाजतं. आणि हो, काजळ. हसू नका, दोन वर्षांत तीन पिल्लं काजळ घातलेली आली. एकाला दृष्ट लागू नये म्हणून तीटही होती.

पगची_आत्या
लिहू की नको असं चाललं होतं. लिहिते.

आमचा पग, लाडू. चार वर्षांपूर्वी त्याचा डावा डोळा लाल झाला आणि गळायला लागला. रविवार होता. फ्रिजमध्ये माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब उरले होते. मला तर त्यांनी लगेच आराम पडला होता. घातले दिवसातून तीनदा. सोमवारी लाली कमी वाटली, मी खूश. बुधवारी बुबुळावर निळसर-पांढरा ढग.

थेंबांत स्टेरॉइड होतं. लाडूच्या बुबुळावर आधीच बारीक जखम होती, बहुतेक तुळशीच्या कुंडीत तोंड घातल्याची. स्टेरॉइडने लाली दबते, पण जखम भरत नाही, उलट खोल जाते. परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात नेलं. तिथल्या मॅडम रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. डोळा चोळू नये म्हणून गळ्यात तो कर्णा, दर दोन तासांनी थेंब, रात्रीसुद्धा. गजर लावून मी आणि हे आळीपाळीने उठायचो. डोळा वाचला. मधोमध तांदळाएवढा पांढरा डाग राहिला आहे, त्या बाजूने कोणी आलं की दचकतो.

ते थेंब मी अजून टाकलेले नाहीत. कपाटात वर ठेवलेत, कोणी "आमच्याकडे उरलेत" म्हणालं की काढून दाखवते.

सह्यभटका
__/\__

लिंबूटिंबू_डोंबिवली
आत्या, आम्हाला दिलेल्या थेंबांची बाटली आत्ता काढून वाचली. ओफ्लॉक्सॅसिन आणि पुढे डेक्सामेथासोन. डॉक्टर, हे दुसरं स्टेरॉइडच ना?

गोठ्यातून_गादीवर
हो. जखम नाही याची आधी खात्री केली असेल तर त्याचा उपयोग असतो. टॉर्च न मारता दिलं असेल तर... जाऊ दे, व्यवसायबंधूंबद्दल लिहीत नाही. आता घालू नका.

देशी_ते_देशी
कोणी बोलत नाही म्हणून बोलतो. हिमालयापलीकडचं झबलं घातलेलं कुत्रं डोंबिवलीच्या दमट हवेत आणायचं, नाक असं चपटं पैदा करायचं की अश्रूंना वाट राहू नये, आणि मग विचारायचं पाणी का येतं. माझी गल्लीतून उचललेली चंपी, नऊ वर्षांची, डोळ्यांचा खर्च शून्य. हौस तुमची, भोग त्यांचे.

लिंबूटिंबू_डोंबिवली
बर्फी विकत घेतलेली नाही. नणंदेच्या शेजाऱ्यांनी बाळ झाल्यावर नको म्हणून सोडली, ती आणली. पण मुद्दा पटतो.

देशी_ते_देशी
मग शब्द मागे. बर्फीबद्दलचे. पैदाशीबद्दलचे नाही.

युट्रेख्तकर
इथे नेदरलँड्समध्ये मुस्कटाची लांबी कवटीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी असेल तर त्या कुत्र्याची पैदास करता येत नाही. २०१९ पासून ते काटेकोर पाळायला सुरुवात झाली. माझ्या शेजारणीचा पग आता म्हातारा आहे, ती म्हणते हा आमच्या गल्लीतला शेवटचा.

बोकोबा
विषयांतर: परदेशी कुत्र्यांना बर्फी, लाडू, चिंट्या आणि गल्लीतल्या देशी कुत्र्याला टॉमी. हे कोणत्या काळापासून सुरू झालं यावर स्वतंत्र धागा हवा.

देशी_ते_देशी
चंपी आहे तिचं नाव. वर लिहिलंय.

पेठेतला_पॉम
आमच्या पॉमचं नाव सदाशिव. पेठेमुळे.

ल्हासाची_माय
मूळ विषयाला धरून उलटी गोष्ट सांगते. आमच्या ल्हासाचे डोळे गळतात म्हणून आम्ही दोन वर्षं पुसत होतो. निघालं काय, तर डोळे कोरडे होते! अश्रूंचा पातळ भाग कमी पडला की डोळा घट्ट चिकट शेंबडासारखं सोडतो, सकाळी तारा निघायच्या. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून एक मिनिट मोजतात, ती किती भिजली ते मिलिमीटरमध्ये बघतात. पंधराच्या वर हवी, आमची चार. आता सायक्लोस्पोरिनचं मलम दिवसातून दोनदा, जन्मभर. चिपडं पाण्यासारखी आहेत की तारेसारखी, हे बघाच.

कात्रीवाली_कोल्हापूर
मी ग्रूमिंग करते, घरी येऊन. पावडर सुचवणारी नाही, भिऊ नका. डाग आहेत ते केस वाढून कापले जाईपर्यंत जाणार नाहीत, नवा केस कोरडा कसा राहील एवढंच आपल्या हातात.

सकाळ-संध्याकाळ सलाइनमध्ये भिजवलेला कापूस चिपडावर धरायचा. घासायचं नाही, धरायचं. मनात वीस मोजा, मऊ पडतं. मग उवांच्या फणीने खालच्या दिशेला विंचरा. प्रत्येक डोळ्याला नवा कापूस. शेवटी कोरड्या मलमलीने टिपा, ही पायरी लोक विसरतात आणि ओल्यावर ओल राहते. सलाइनची बाटली महिनाभर उघडी ठेवू नका, लहान लहान पॅक आणा.

कोपऱ्यातले केस कापताना कात्रीचं टोक कधीही डोळ्याकडे नको. बोथट टोकाची कात्री आणि धरायला दुसरं माणूस. ते नसेल तर कापू नका, शेंडी बांधा. शित्झूला शेंडी शोभतेही. आणि गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस घ्या. असल्या पुढे आलेल्या डोळ्यांच्या कुत्र्यांना मानेला जोराचा हिसका बसला तर डोळा खोबणीबाहेर येऊ शकतो.

मिरजवाला
शेवटचं वाक्य वाचून जेवण गेलं नाही.

चूर्णकाढा
मलमलीची सूचना उत्तम. आजीही मलमलच वापरायची.

लिंबूटिंबू_डोंबिवली
बारा दिवसांनी येतेय. वृत्तांत देते.

देवघराखालची गादी गॅलरीच्या दाराशी हलवली. पहिले दोन दिवस बर्फी परत जाऊन देवासमोरच बसायची, सासूबाई म्हणाल्या पुण्यवान जीव आहे. मग उदबत्तीच बंद केली, नुसतं निरांजन. हा निर्णय सासूबाईंचा, माझा नाही, हे नोंदवून ठेवते.

काल ठाण्यात दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. आधी ती कागदाची पट्टी: उजवा अठरा, डावा एकोणीस. मग नारिंगी टोकाची पट्टी सलाइनने ओली करून दोन्ही डोळ्यांना टेकवली, डोळे पोपटी झाले. दिवे घालवून निळ्या टॉर्चने बघितलं, बुबुळावर जखम नाही. मग नाकपुड्यांकडे डोळे लावून बसलो. चौथ्या मिनिटाला उजव्या नाकपुडीत हिरवा थेंब चमकला. डावीकडे दहा मिनिटं झाली तरी काही नाही. डॉक्टर म्हणाले चपट्या नाकाच्या कुत्र्यांत कधी कधी रंग मागून घशात उतरतो, म्हणून जीभही बघितली. ती गुलाबीच.

म्हणजे डावी जाळी बंद. थोडी गुंगी दिली, वरच्या भोकातून केसासारखी नळी घालून सलाइन सोडलं. आधी जाईना, मग खालच्या भोकातून तपकिरी बुळबुळीत तुकडा आला आणि पाठोपाठ नाकातून पाणी. तो तुकडा साबुदाण्याच्या दाण्याएवढाही नव्हता! बर्फी शिंकली ती डॉक्टरांच्या चष्म्यावर.

उजवीकडे नळी मोकळी, पण खालची पापणी कोपऱ्यात किंचित आत वळलेली आहे आणि कोपऱ्यातले केस टेकतात, त्यामुळे थोडं गळत राहणार म्हणाले. ऑपरेशनची आज गरज नाही. केस बारीक ठेवा, पुसत राहा. नळीत पुन्हा बोळा होऊ शकतो, महिन्याने दाखवायचं.

पावडर घेतली नाही.

गोठ्यातून_गादीवर
झकास. उजव्या डागाशी जमवून घ्या, तो तिच्या चेहऱ्याचाच भाग आहे. मिचकावायला लागली तर मात्र त्याच दिवशी.

पगची_आत्या
बरं झालं गं. डावा डाग कमी दिसतोय का?

लिंबूटिंबू_डोंबिवली
आत्या, आज सकाळी पहिल्यांदा डावीकडचे केस कोरडे लागले. बोट फिरवून बघितलं तीन-चारदा. डाग आहेच, तो वाढून कापला जाईल तेव्हा जाईल. पण सध्या तांबूस काही दिसत नाही, कारण तो पोपटी रंग केसांना धरलाय. दोन्ही गाल आणि मिशा हिरव्या. आता "रडते का ही?" कोणी विचारत नाही. खाली नेली तर बिल्डिंगमधली पोरं ओरडत आली, काकू, पिस्ता बर्फी!